सहा महिने मिळतात म्हणून सहा महिने राहायचंच का?

पत्र लिहिणाऱ्या ताई ६२ वर्षांच्या आहेत आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सात एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कपाशी आणि तूर. एकुलता मुलगा न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो, सूनही नोकरीला आहे, आणि नातू दीड वर्षाचा झालाय. ताई आणि गुरुजी या दोघांनाही अमेरिकेचा दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा मिळालेला आहे, पण वावर सोडून गुरुजी एकदाही गेलेले नाहीत. ताई सुनेच्या बाळंतपणाला गेल्या आणि साडेपाच महिने राहिल्या. घरी तीन महिने काढून पुन्हा गेल्या, पुन्हा साडेपाच महिने. दुसऱ्या वेळी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने "आत्ताच तर येऊन गेलात, इतक्यात परत कशाला?" असं विचारलं, बराच वेळ उभं केलं आणि शेवटी जाऊ दिलं. आता घरी येऊन चार महिने होतायत तोच मुलाने जूनअखेरचं तिकीट काढलंय, परत सहा महिन्यांसाठी. तालुक्याच्या गावी व्हिसाचे फॉर्म भरून देणारे एक गृहस्थ सांगतात, "नातवाचं नावच काढू नका, फिरायला आले म्हणा." शेजारीपाजारी म्हणतात, "दहा वर्साचा व्हिसा हाय ना, मंग भेता कायले?" ताईंना झोप लागत नाही. त्या विचारतात: काउंटरवर काय बोलू म्हणजे मला परत पाठवणार नाहीत?

ताई,

काउंटरवर काय बोलायचं ते सांगते, पण थोडं पुढे. आधी तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलेल्या दोन गोष्टींकडे तुमचं लक्ष वेधते. गुरुजी संध्याकाळी भाकरी टाकायचा कंटाळा करतात आणि दूध-पोळीवर झोपून जातात, असं तुम्ही लिहिलंय. आणि गेल्या वर्षी घरच्या महालक्ष्म्या जावेने केल्या, यंदाही तिलाच कराव्या लागतील, हेही लिहिलंय. मग लगेच "असो" लिहून तुम्ही व्हिसाकडे वळलात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. तुमच्या भीतीचं उत्तर बरंचसं या दोन ओळींत आहे.

आधी शेजारच्यांच्या म्हणण्याबद्दल. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं केव्हाही जाऊन हवं तितकं राहायची मुभा, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. तो चुकीचा आहे. व्हिसामुळे तुम्हाला अमेरिकेच्या दारापर्यंत जाता येतं. आत घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर किती दिवसांसाठी, हे दारावरचा अधिकारी प्रत्येक वेळी नव्याने ठरवतो. तो जी तारीख देतो ती आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी याचं कार्ड पासपोर्टमध्ये लावून द्यायचे. २०१३पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकातच असते, इंटरनेटवर पासपोर्ट नंबर टाकला की दिसते. टुरिस्टला साधारणपणे सहा महिने देतात. पण तो रिवाज आहे, हक्क नाही. अधिकाऱ्याला शंका आली तर तो कमी दिवस देऊ शकतो किंवा परतही पाठवू शकतो.

आता त्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. तुमची मागची प्रत्येक ये-जा त्याच्या पडद्यावर असते. तुम्ही परत निघालात त्याची माहिती विमान कंपनीकडून आपोआप जाते, त्यामुळे वेळेवर परतलात हे त्याला दिसतं. ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, ती विसरू नका. पण त्याच पडद्यावर हेही दिसतं की दीड वर्षापैकी अकरा महिने तुम्ही तिकडे होतात आणि सात महिने इकडे. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४-बी हे कलम सांगतं की टुरिस्ट म्हणून येणारा प्रत्येक जण इथे कायमचा राहायलाच येतोय असं धरून चाला, तसं नाही हे त्याने दाखवून द्यायचं. म्हणजे तुमचं घर यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि तुम्ही पाहुण्या म्हणून आलात, हे पटवून देण्याचं ओझं तुमच्यावर आहे. तो इंग्रजीत चार प्रश्न विचारेल, फिरवून फिरवून विचारेल, पण त्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच: या बाईंचं घर नेमकं कुठे आहे?

जूनअखेर गेलात आणि डिसेंबरपर्यंत राहिलात, तर या प्रश्नाचं खरं उत्तर काय होईल? मला वाटतं, तुम्हाला झोप लागत नाही ती यामुळेच. अधिकाऱ्याची भीती आहेच. पण आपण सांगू ते आणि आपलं वर्ष कसं गेलं ते, या दोहोंचा मेळ बसत नाही, हेही तुम्हाला आतून कळलेलं आहे.

म्हणून त्या गृहस्थांचा सल्ला मला फार घातक वाटतो. "नातवाचं नाव काढू नका" असं शिकवून पाठवलेल्या किती आया त्या काउंटरवर थरथर कापत असतील, याचा विचार येऊन वाईट वाटतं. अधिकाऱ्याला मोबाइल तपासायचा अधिकार आहे. "आई, तू आलीस की पाळणाघराचे पैसे वाचतील" असा मुलाचा एखादा व्हॉट्सअॅप मेसेज त्यात निघाला आणि तुम्ही "फिरायला आले" म्हणालेल्या असलात, तर मामला शंकेचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवायचा प्रयत्न केला, असा शेरा बसला तर कायमची बंदी येऊ शकते. जास्त दिवस राहिल्याच्या शंकेवरून परत यावं लागलं तर पुढे कधीतरी वाट निघते, पण या शेऱ्यातून निघणं फार कठीण. नातवाला भेटायला जाणं हा गुन्हा नाही, आजीने नातवाला खेळवणं हाही नाही. जे उजळ माथ्याने सांगता येतं ते लपवून स्वतःला का अडकवून घ्यायचं?

एक महिन्याचं परतीचं तिकीट दाखवायचं आणि तिकडे गेल्यावर तारीख बदलून घ्यायची, हा सल्लाही तुम्हाला मिळालाय. तिकीट बदलणं बेकायदा नाही. पण मनात सहा महिने ठेवून तोंडाने एक महिना म्हणालात तर तेही खोटंच, आणि पुढच्या खेपेला पडद्यावर ते दिसणारच. तिसरा सल्ला, मध्येच कॅनडा नाहीतर मेक्सिकोला चार दिवस जाऊन यायचं म्हणजे नवे सहा महिने मिळतात. तसं मिळेलच याची काही खात्री नाही. शेजारच्या देशात थोडे दिवस जाऊन परत आलं की बहुतेक वेळा जुनीच तारीख कायम राहते, आणि मुदत वाढवायचा हा मार्ग अधिकाऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे.

मग किती दिवस घरी राहून परत गेलं तर चालतं, असं तुम्ही विचाराल. टुरिस्ट व्हिसासाठी वर्षातून अमुक दिवस असा लेखी नियम अमेरिकेत नाही. अनुभवी वकील एवढंच सांगतात की जितके दिवस तिकडे राहिलात, निदान तितके तरी घरी काढा, आणि त्याहून जास्त काढलेत तर उत्तम. पाहुणा आपल्या घरी जास्त राहतो आणि दुसऱ्याच्या घरी कमी, इतका साधा हिशेब आहे हा.

आता मुलाकडे येऊ. तो वाईट वागतोय असं मला अजिबात वाटत नाही. दोघं नोकरीवर, मूल लहान, आणि पाळणाघराचा खर्च तिकडे एखाद्या घराच्या भाड्याएवढा असू शकतो. त्याला स्वतःला भारतात येणंही सोपं नसेल. एच-१बीवाल्यांना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यायचा असेल तर तारखा मिळायला वेळ लागतो, आणि इकडे अडकून पडलो तर नोकरीचं काय, ही धास्ती असते. म्हणून आई-बाबांनी यावं असं त्याला वाटतं. हे सगळं मला समजतं. पण आईचा टुरिस्ट व्हिसा ही बाळ सांभाळायची कायमची व्यवस्था होऊ शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने नाही आणि तुमच्या गुडघ्यांच्या दृष्टीनेही नाही. तुम्ही लिहिलंय की हिवाळ्यात दिवसभर बंद घरात बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहायची, बोलायला माणूस नाही. हे मुलाला कधी सांगितलंत का? पत्रावरून तरी वाटत नाही. त्याला वाटत असेल आईला इकडे आवडतं, तुम्हाला वाटतं नाही म्हटलं तर पोराचे हाल होतील, आणि गुरुजी दोघांनाही काहीच म्हणत नाहीत. तीन माणसं एकमेकांच्या काळजीपोटी गप्प बसलीत.

फोनवर त्याला साधं सांगा. "बाबू, मी येणार नाही असं नाही. पण वर्षातून एकदा येईन, तीन महिने राहीन. इकडे तुझे बाबा एकटे पडतात, आणि मला तिथे अडवलं तर मग कधीच येता येणार नाही." यातलं शेवटचं वाक्य त्याला पटकन कळेल. आज घाई करून सहा महिने मिळवले आणि त्यापायी व्हिसाच रद्द झाला, तर पुढची कित्येक वर्षं नातू फक्त व्हिडिओ कॉलवर.

सोबत आणखी एक सुचवा. सुनेच्या आईकडे, अकोल्याच्या तुमच्या विहीणबाईंकडेही व्हिसा आहे, पण जावयाच्या घरी किती राहायचं म्हणून त्या संकोचतात असं तुम्ही लिहिलंय. तो संकोच तुम्हीच मोडू शकता. मुलीच्या आईने मुलीकडे राहण्यात कमीपणा नाही, हे मुलाच्या आईच्या तोंडून ऐकलं की त्याला वजन येतं. विहीणबाई पावसाळ्यात दोन-अडीच महिने जाऊन आल्या, तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात, आणि मधल्या काळात बाळ पाळणाघरात रुळलं, तर कुणा एकीवर भार पडत नाही आणि कुणाचाच पासपोर्ट डोळ्यात भरत नाही. दीड वर्षाचं मूल पाळणाघरात पहिले काही दिवस रडतं, मग रमतं. तुमचं मन ते मानायला तयार होणार नाही, मला कल्पना आहे. पण पाळणाघर लागलेलं असलं की काउंटरवरचं उत्तरही आपोआप बदलतं. "आईवडील कामावर गेल्यावर मुलाला कोण बघतं?" या प्रश्नाला "तो पाळणाघरात जातो, मी भेटायला आलेय, घरी असते तेव्हा मीही खेळवते" असं तुम्ही सांगू शकाल, आणि ते खरं असेल.

आता तारखांचं. माझं स्पष्ट मत आहे की जूनअखेरचं तिकीट वापरू नका. मृग लागतोय, पेरणी तोंडावर आहे, आणि तुम्ही घरी हव्या आहात. पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी घरी करा. नोव्हेंबरात गुरुजींचा हयातीचा दाखला होईल, वेचणी होईल, डिसेंबर-जानेवारीत तूर निघेल. तुमचं वावर कोरडवाहू असल्याने त्यानंतर ते मोकळंच असतं. मग महाशिवरात्रीच्या सुमारास निघा, आणि या खेपेला गुरुजींना बरोबर न्या. त्यांचा व्हिसा नुसता पासपोर्टात पडून आहे. तिकडची थंडी सरत आलेली असेल, बाहेर फिरता येईल, नातवाला आजी आणि आजोबा दोघंही मिळतील. मेच्या शेवटी, पुढच्या मृगाच्या आधी, परत या. निघाल तोपर्यंत तुम्ही घरी सलग वर्षभर राहिलेल्या असाल. "वर्षभर घरी होतो, पीक निघालं, मुलाला आणि नातवाला भेटायला आलोय, जूनमध्ये पेरणी आहे म्हणून मेअखेर परत जातो." ताई, याहून भक्कम उत्तर कुठलाही एजंट तुम्हाला लिहून देऊ शकणार नाही. शेतकऱ्याच्या वर्षाचं वेळापत्रकच त्याला परत बोलावतं, आणि ही गोष्ट जगातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला समजते.

काउंटरवर काय बोलायचं, त्याचं उत्तर बरंचसं यात आलं. राहिलेलं सांगते. विचारलं तेवढंच बोला, थोडक्यात बोला, आणि प्रश्न कळला नाही तर अंदाजाने "येस" म्हणू नका. आपल्याकडच्या बायकांचे घोटाळे इथेच होतात. "यू वर्किंग हियर?" असं कुणी विचारलं आणि भीतीने मान डोलावली की पुढचं निस्तरणं कठीण. हिंदी किंवा मराठी दुभाषा हवा असं सांगा. ते फोनवरून दुभाषा जोडून देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. इतकी वाक्यं इंग्रजीत पाठ केलीत तर पुरे: मी मुलाला भेटायला आले, तो अमुक ठिकाणी राहतो, मी अमुक तारखेला परत जाणार, मला दुभाषा द्या. शेवटचं वाक्य सर्वांत पक्कं पाठ करा.

कागद हाताशी ठेवायच्या एका फाइलमध्ये असू द्या, चेक-इनच्या बॅगेत नको, कारण ती बॅग काउंटर ओलांडल्यावरच हाती येते. खऱ्या तारखेचं परतीचं तिकीट. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला, कारण मोबाइल बंद पडू शकतो. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर जुना-नवा दोन्ही पासपोर्ट. गुरुजींच्या पेन्शनचा कागद. आय-९४च्या संकेतस्थळावर तुमच्या मागच्या येण्याजाण्याची यादी मिळते, मुलाला सांगून तिची प्रिंट काढून घ्या, म्हणजे दोन्ही वेळा मुदतीत परतल्याचं लगेच दाखवता येईल. आणि सातबारा. त्यावर गुरुजींचं नाव आहे, खाली पीक म्हणून कापूस-तूर लागलेली आहे, पण न्यू जर्सीच्या अधिकाऱ्याला मराठी सातबारा वाचता येणार नाही. एका पानावर साध्या इंग्रजीत त्याचा मजकूर लिहून सोबत टाचा: जमीन कुणाच्या नावे, किती, कोणतं पीक. अधिकारी हे कागद मागेलच असं नाही, बहुतेकदा मागत नाही. न मागता पुढे करू नका. पण तुम्ही इकडे असताना शेती कोण बघतं, असं विचारलं तर बोलायला आधार राहतो. फाइल हाती असली की हात कापत नाहीत, हाही एक उपयोग आहेच.

तुमचा पासपोर्ट केव्हा संपतो तेही बघून ठेवा. मुदत जवळ आली असेल तर राहायची परवानगीही तेवढीच मिळू शकते. आधीच नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडून नवा करून घ्या.

एक गोष्ट खास आपल्या गावाकडच्या लोकांसाठी. कस्टमच्या प्रश्नांत एक असतो की तुम्ही शेतावर गेला होतात का, गुराढोरांच्या जवळ होतात का. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने याला "नाही" म्हणणं खोटं आहे. "हो" म्हणा. फार तर चपला-बुटांना माती आहे का ते बघतील, म्हणून वावरातली पादत्राणं बॅगेत टाकू नका. मुलाने अंगणात लावायला वालाचं किंवा सांबाराचं (कोथिंबिरीचं) बी मागितलं असेल तर नेऊ नका. तांदूळ नेऊ नका, आपल्याकडच्या तांदळाला खापरा किडीमुळे तिकडे बंदी आहे. ताजी फळं, भाजी, मांस यातलं काही नको. कुरडया, शेवया, पापड, मसाला न्यायला सहसा अडचण येत नाही, पण खाण्याचं सामान आहे का असं विचारलं तर आहे म्हणून सांगायचं. सांगितल्यावर फार तर काढून घेतील. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो, आणि व्हिसाच्या चौकशीला उगाच एक काळा डाग लागतो.

आत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाला आय-९४ उघडायला सांगा आणि तारीख बघा. नोंदीत चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घेता येते. ती तारीख म्हणजे लक्ष्मणरेषा. एक दिवस जास्त झाला तरी तुमचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द होतो, मग तो दहा वर्षांचा असो की कितीचा. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहिलं आणि मग परत आलं तर तीन वर्षांची बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षांची. खरंच अंथरुणाला खिळायची वेळ आली, तर मुदत संपायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज डॉक्टरांच्या चिठ्ठीसह करता येतो. तो अडीअडचणीसाठी आहे, आणखी दोन महिने राहावंसं वाटलं म्हणून वापरायचा नाही. आजारपणाचा विमा निघण्यापूर्वीच काढा.

इतकं करूनही आतल्या खोलीत बसवलं तर? रोज कित्येकांना बसवतात, आणि बरेच जण तासा-दोन तासांनी बाहेर येतात. तिथे रडून-विनवून काही होत नाही, शांतपणे खरं तेच सांगायचं. न समजलेल्या कागदावर सही करू नका, दुभाष्याकडून वाचून घ्या. परत पाठवायचं ठरलंच तर कधीकधी प्रवेशाचा अर्ज आपण होऊन मागे घ्यायची संधी देतात. त्यात व्हिसा जातो, पण बंदी लागत नाही. हुकूम काढून परत पाठवलं तर मात्र पाच वर्षं जाता येत नाही. आणि तुमचं विमान अबूधाबीवरून जाणार असेल तर माहीत असू द्या की अमेरिकेची ही सगळी तपासणी तिथेच, विमानात बसायच्या आधी होते. अमेरिकेत उतरल्यावर होईल म्हणून कागद कुठेतरी खोल ठेवू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की मुलाला ग्रीन कार्ड मिळालं तर आम्हालाही मिळेल का. नाही. आईवडिलांसाठी अर्ज २१ वर्षांवरचा अमेरिकन नागरिकच करू शकतो, ग्रीन कार्डवाला नाही. पुढेमागे मुलगा नागरिक झालाच तर तुम्हाला वेगळाच विचार करावा लागेल, कारण ग्रीन कार्ड घेणं म्हणजे तिकडे राहायला जाणं. नुसती ये-जा सोपी व्हावी म्हणून ते घेतलं आणि मुक्काम गावातच ठेवला, तर तेच अधिकारी उलटं विचारतात: राहत नाही तर कार्ड कशाला? गुरुजींना वावर सोडवत नाही हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ही घाई नको.

ज्या वाचकांची मुलं दुसऱ्या देशांत आहेत त्यांनी अमेरिकेचा हिशेब तिकडे लावू नये. युरोपातल्या शेंगेन देशांत नियम लेखी आणि कडक आहे: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, सगळे देश मिळून. १२ ऑक्टोबर २०२५पासून तिथे शिक्क्यांच्या जागी संगणकावर नोंद सुरू झालीय, त्यामुळे एक दिवस इकडेतिकडे झाला तर तो लपत नाही. ब्रिटनमध्ये एका खेपेला सहसा सहा महिने मिळतात, पण वारंवार येऊन तिथेच राहिल्यासारखं करता येणार नाही असं नियमातच लिहिलंय. ऑस्ट्रेलियाच्या अनेक टुरिस्ट व्हिसांवर अट असते की १८ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नाही. सगळ्यांत सोय आहे ती कॅनडात. तिथे नागरिक किंवा पीआर (कायम राहायचा परवाना) असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र आरोग्य विमा सक्तीचा आणि मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर हवं.

ताई, मुलाने तिकिटाचे पैसे भरलेत म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय, तेही पत्रात आहे. बऱ्याच तिकिटांची तारीख काही रक्कम भरून पुढे ढकलता येते. आज संध्याकाळी त्याला फोन करून ते आधी विचारा. ढकलता येत नसेल आणि रद्द करून थोडेच पैसे परत मिळत असतील, तरी रद्दच करा. फोनवर बोलताना गुरुजींना शेजारी बसवा, आणि फेब्रुवारीत तेही येणार आहेत हे मुलाला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.